यातलं एक तरी माणूस बरं आहे का?

तिसरी_घंटा
शुक्रवार, रात्री १०.४२

आधीच सांगते, 'सक्सेशन', 'सोप्रानोज', 'ब्रेकिंग बॅड', 'रात्रीस खेळ चाले' यांतलं बरंच काही या धाग्यावर फुटणार आहे. ज्यांना अजून बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

तर झालं असं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून महिनाभर ती डोंबिवलीहून माझ्याकडे आली आहे. टीव्हीसमोरची खुर्ची आपोआपच तिची झाली. मी रात्री 'सक्सेशन' दुसऱ्यांदा बघतेय. परवा ती पण बसली. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली बाई, इंग्रजी सबटायटल्स माझ्याआधी वाचून होतात तिची. नेमका लागला दुसऱ्या सीझनमधला हंगेरीतल्या शिकारीचा भाग. ऐंशी उलटलेला अब्जाधीश म्हातारा लोगन रॉय, आपल्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईशी कोणीतरी बोललंय या संशयाने पेटलाय. रात्रीची जेवणं झालेली, सगळे कोटबिट घालून बसलेले. म्हातारा तीन जणांना उठवून कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवतो. त्यात त्याचा सख्खा जावई. त्यांना डुकरासारखं ओरडायला लावतो आणि पुढ्यात सॉसेज टाकतो, घ्या, भांडा. बाकीचे बघतायत. कोणी म्हणजे कोणी उठत नाही.

आई शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, "यातलं एक तरी माणूस बरं आहे का? नाही ना? मग बघायचं कोणासाठी?" आणि मटार सोलायला घेतले.

आता ही तीच बाई, जी २०१९ साली 'रात्रीस खेळ चाले'मधला अण्णा नाईक चालू असताना पोटच्या पोरीचा फोन घ्यायची नाही. दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची बायको, काही म्हणून न सोडणारा माणूस. त्याचा एक भाग हिने चुकवलेला नाही. मी तसं तोंडावर म्हटलं. तर म्हणे, "अण्णाचं वेगळं होतं." काय वेगळं, ते नाही सांगितलं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझ्यापुरतं उत्तर असं. २०१६ साली पहिलं पर्व आलं तेव्हा गोष्टच मुळी अण्णा मेल्यावर सुरू झाली. दुसरं पर्व मागे गेलं आणि जिताजागता अण्णा दाखवला. म्हणजे माधव अभ्यंकर पडद्यावर काहीही करोत, त्या माणसाचं आणि त्या वाड्याचं पुढे काय वाटोळं झालंय ते आपल्याला आधीच ठाऊक. निकाल लागलेला खटला निवांत बघायचा. शिवाय घरात माई आहे, त्याची सोसणारी बायको. तिच्याकडे बघून हळहळायची सोय आहे. 'सक्सेशन'मध्ये माई नाही, देव नाही, भूतसुद्धा नाही. आईला वाईट माणूस चालतो, फक्त त्याच्या घरात एक माई लागते.

तुमचं काय? तुम्हाला लागते का माई?


चहाबाज
शुक्रवार, रात्री १०.५८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रच्याकने (बाय द वे), "आईला फक्त माई लागते" हे वाचून हहपुवा, म्हणजे हसून हसून पुरेवाट.


जुनाट_रेडिओ
शुक्रवार, रात्री ११.३१

तिसरी घंटाताई, तुमचा आयडी बघून वाटलं होतं की नाटकाचं कोणीतरी असेल, आणि तुम्ही नाटकाचं नावही काढलं नाहीत! 'सक्सेशन' म्हणजे हेलिकॉप्टर घेतलेली 'गिधाडे' आहे हो. म्हातारा बाप, त्याच्या पैशावर डोळा ठेवून बसलेले दोन मुलगे आणि एक मुलगी, एकमेकांचे लचके. तेंडुलकरांचं हे नाटक १९७० साली डॉ. लागूंनी रंगमंचावर आणलं. रॉय मंडळींकडे न्यूयॉर्क आहे, नाटकातल्या पितळे मंडळींकडे एक कुजत चाललेलं घर. बाकी भाषा तीच, शिव्यांसकट.

नाटकात मुलीच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरने लाल डागाला हरकत घेतली. मग प्रयोगाआधी घोषणा करायचे, की दिसणारा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. लोकांनी समजला.

दोन वर्षांनी 'सखाराम बाइंडर' आलं. त्यावर किती रण माजलं ते इथल्या अर्ध्या लोकांना घरच्यांकडून ऐकून तरी माहीत असेल. सांगायचा मुद्दा, "बरं माणूस नसलेलं बघायचं कशाला" हा वाद आपल्याकडे पन्नास वर्षं जुना आहे. ओटीटीवाल्यांनी आणलेला नाही.

त्याही आधीचं सांगतो. 'तो मी नव्हेच' मी शाळकरी वयात वडिलांबरोबर बघितलं. फिरता रंगमंच, पणशीकरांची पाच रूपं. लखोबा एकेका बाईला फसवतो आणि कोर्टात साळसूदपणे म्हणतो, मी तो नव्हेच. आमच्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं, लग्नाच्या दोन मुली बरोबर. त्या मुलींचे वडील लखोबाच्या प्रत्येक थापेला मांडीवर थाप मारून हसत होते. मध्यंतरात बटाटेवडा खाताना तेच गृहस्थ माझ्या वडिलांना म्हणाले, "असला जावई मिळाला तर गोळी घालीन." आणि घंटा झाल्यावर पहिले आत पळाले!


खडीसाखर
शनिवार, पहाटे ५.१२ (तुमच्याकडची)

मी न्यू जर्सीतून. आमच्याकडे 'सोप्रानोज' म्हणजे तुमच्याकडचा अण्णा नाईकांचा आकेरीचा वाडा समजा. २००७ साली मालिकेचा शेवटचा प्रसंग ब्लूमफिल्डमधल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात चित्रित झाला. माफियाचा म्होरक्या टोनी तिथे बायको-मुलांबरोबर बसून कांद्याची भजी (ओके, ऑनियन रिंग्ज) खातो आणि पडदा काळा होतो. ते बाकडं दुकानवाल्यांनी २०२४ मध्ये लिलावात काढलं. ८२ हजार ६०० डॉलरला गेलं. गल्लीबोळांत माणसं मारत फिरणाऱ्या माणसाने ज्यावर बसून भजी खाल्ली, ते बाकडं! आमच्या घराचं डाउनपेमेंट आठवलं मला.

पण मला टोनीबद्दल नाही लिहायचं. त्याच्या बायकोबद्दल, कार्मेलाबद्दल लिहायचंय. तिसऱ्या सीझनमध्ये ती एका म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. तिला वाटतं, हा माणूस ऐकून घेईल, दोन गोड शब्द सांगेल, नवऱ्याला कसं बदलायचं ते सांगेल. तो सरळ म्हणतो, मुलं घे आणि निघ, आणि हा पैसा घेऊ नकोस. स्वतःची फीसुद्धा नाकारतो, कारण तो पैसा रक्ताचा आहे. वर सांगतो, आता "मला कोणी सांगितलं नव्हतं" असं तुला कधीच म्हणता येणार नाही.

ती घरी येते. सोफ्यावर पांघरूण घेऊन पडते. आणि मग काय करते? मुलीच्या युनिव्हर्सिटीला ५० हजार डॉलर देणगी द्यायला नवऱ्याला भाग पाडते. तो पाच हजारांवर अडलेला असतो. ५० हजार मिळतात, दोघं बाहेर जेवायला जातात. संपलं.

हा भाग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला टोनीपेक्षा तिचा जास्त राग आला. आता पंधरा वर्षं संसार करून परत बघितला, तर मीच खुर्चीत अवघडून बसले. मी काही माफियाची बायको नाही हो, नवरा साधा डेटाबेसवाला आहे. पण "मला माहीत नव्हतं" असं म्हणून किती गोष्टींकडे आपण पाठ करून बसतो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला माई नाही लागत. मला माईकडेच संशयाने बघणारी मालिका लागते.


सिंधुदुर्गातलो
शनिवार, सकाळी ८.०५

मी सावंतवाडीकडचो. म्हणून बोलूचा माझा अधिकार असा. :)

२०१६ साली मालिका सुरू झाली तेव्हा आमच्याकडे लोक चिडले होते. कोकण म्हणजे नुसती भुताटकी, करणी आणि भाऊबंदकी, असं जगाला दाखवताय म्हणून. मी पण चिडलेलो. पुढे त्याच वाड्यासमोर मुंबईचे पाहुणे फोटो काढताना बघितले. आमच्याच घरचे पाहुणे, "आधी वाडो दाखव, मगे देवळात जाऊया" म्हणणारे. काय बोलतलंस?

अण्णा वायट, ह्या सगळ्यांका म्हायत. पण तिसरी घंटाबाई, निकाल लागलेला असल्यामुळे लोक बघायचे, हे मला पटत नाही. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि त्याची ती शेवंता भुतं होऊन परत आली ना? मरण ही शिक्षा असेल तर अण्णाला ती कुठे लागू पडली? आमची आये सांगायची, अण्णा बोलायला लागला की तिला तिच्या माहेरचा एक खोत आठवायचा. तसाच आवाज, तशीच बसायची तऱ्हा. लहानपणी त्याच्यासमोर ही पोरं मान वर करत नसत. साठ वर्षांनी ती त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती, तेही दूध-चपाती खाता खाता. माका वाटता, तिका ताच बरा वाटायचा.

आणि वाड्यातल्या पांडूचं नाव कोणीच कसं घेत नाही? माका तर अण्णापेक्षा पांडूच बघूक बरो वाटायचो.


नाक्यावरचा
शनिवार, दुपारी १२.४०

सगळ्यांनी फार सुंदर लिहिलंय, पण मी जरा खडा टाकतो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

तुम्ही सगळे समंजस प्रेक्षक आहात, तुम्हाला कार्मेलात स्वतः दिसता. बाहेर काय चाललंय? २०२० साली शेअर घोटाळेवाल्या हर्षद मेहतावरची 'स्कॅम १९९२' आली. मालिका उत्तमच, प्रतीक गांधीने जीव ओतलाय, ते शीर्षकसंगीत तर कानातून जात नाही. पण त्यानंतर सहा महिने माझ्या फोनवर जो तो त्या संगीतावर स्वतःचे व्हिडिओ टाकत होता. गाडीतून उतरताना, जिममधून निघताना, एकाने तर लग्नाच्या मांडवात शिरताना. यातल्या कोणालाही घोटाळा फोडणारी पत्रकार सुचेता दलाल व्हायचं नव्हतं. सगळ्यांना हर्षद व्हायचं होतं.

माझ्या वडिलांनी १९९२ च्या मार्चमध्ये, म्हणजे बाजार शेंड्याकडे धावत असताना, ऑफिसातल्या मित्राच्या सांगण्यावरून शेअर घेतले होते. पीएफमधून उचल घेऊन. एप्रिलमध्ये बातमी फुटली. मी तेव्हा सातवीत. वडिलांनी पेपर घडी करून गादीखाली ठेवला, आईला दिसू नये म्हणून. आईला शेजारच्यांकडून कळलं. दिवाळीत त्या वर्षी आमच्याकडे फक्त चिवडा झाला.

तर मालिका बघताना हर्षदने बाल्कनीतून समुद्राकडे बघितलं की लोकांना जे काही होतं, ते मला होत नाही. मला गादीखालचा पेपर दिसतो.


निशिगंध
शनिवार, दुपारी २.१५

नाक्यावरचा, तुमचं लिहिलेलं वाचून कसंतरी झालं. पण मग दोष कोणाचा, मालिकेचा की त्या मांडवात शिरणाऱ्याचा?

माझी तक्रार वेगळी आहे. वाईट पुरुषावर जीव टाकणारे प्रेक्षक त्याच्या बायकोला मात्र सोडत नाहीत. 'ब्रेकिंग बॅड'चा वॉल्टर व्हाइट काय काय करतो, ते आठवा. कॅन्सरच्या उपचाराचा खर्च उचलायला जुने मित्र तयार असतात, तरी निव्वळ अहंकारापोटी नाही म्हणून ड्रग्ज बनवत राहतो. जेन डोळ्यांसमोर गुदमरून मरते, तिला नुसतं कुशीवर वळवायचं होतं, हा उभा राहून बघतो. आणि इंटरनेटवर लोक कोणाला शिव्या घालत होते? त्याच्या बायकोला, स्कायलरला. का, तर ती त्याला अडवते. त्याच्या मजेत खोडा घालते. शेवटी ॲना गनने, म्हणजे ते काम करणाऱ्या नटीने, २०१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. तिला जीवे मारायचं आहे, ती कुठे सापडेल, असं विचारणारेही निघाले होते, असं तिने त्यात लिहिलंय. भूमिकेला नव्हे हो, तिला स्वतःला.

आपल्याकडे निळू फुल्यांना बघून बायका बोटं मोडायच्या, हे आपण कौतुकाने सांगतो. राष्ट्र सेवा दलात वाढलेला सज्जन माणूस, काय कसदार नट, वगैरे. पण तिथे निदान राग वाईट माणसावर निघत होता! इकडे खुन्याचे टी-शर्ट छापले आणि राग बायकोवर.

आणि एक. आपल्या मालिकांत बाईला अण्णा व्हायची सोयच नाही. ती वाईट असली तर तिच्या भुवया आधी सांगतात. दुसरीचा नवरा पळवणारी शनाया घ्या. 'माझ्या नवऱ्याची बायको'त तिला इतकं बिनडोक लिहिलं की तिचा राग येण्याऐवजी लोकांना ती आवडायलाच लागली. माझ्या भाचीला शनायासारखे कपडे हवे होते, राधिकासारखे नव्हे.


नाक्यावरचा
शनिवार, दुपारी २.३३

अहो पण हेच तर मी म्हणतोय ना! भाचीला शनायाचे कपडे हवेत आणि पोरांना हर्षदचं संगीत. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.


निशिगंध
शनिवार, दुपारी २.४१

नाही. माझी भाची आता सी.ए. करते आणि कोणाचा नवरा पळवलेला नाही. :)


चहाबाज
शनिवार, दुपारी २.४४

अजून तरी. (दिवे घ्या हो!)


पटकथेचा_पाट्या
शनिवार, रात्री ९.२०

बऱ्याच वर्षांनी लॉगिन करतोय, या धाग्यासाठी. मी काही वर्षं रोजच्या मालिकांसाठी लिहीत होतो. कुठल्या वाहिनीवर, ते विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं, खलपात्र चवीला असतं. खरं तर आमचा संसार त्यावर चालतो. नायिका चांगली असल्यामुळे तिला काही करताच येत नाही. ती खोटं बोलणार नाही, कट करणार नाही, दारामागून ऐकणार नाही. ऐकलंच तर दुसऱ्याच्या भल्यासाठी गप्प बसेल. मग आठवड्याचे सहा भाग भरायचे कसे? गोष्ट पुढे ढकलायला कोणीतरी दुधात काहीतरी कालवायलाच लागतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. एकदा आमच्या खलनायिकेचा ट्रॅक संपवला, तिला पोलिसांनी नेलं, सगळ्या टीमने केक कापला. पुढच्या दोन गुरुवारी आकडा असा आपटला की तिसऱ्या सोमवारी ती जामिनावर बाहेर. त्याच साडीत! कारण जुने सीन जोडायचे होते आणि नवीन साडीची 'कंटिन्युइटी' जमत नव्हती.

पण वाईट माणूस आम्ही लिहायचो तो रोज सकाळी उठून वाईटच. तो कधी दमायचा नाही, त्याला कधी वडिलांची आठवण यायची नाही. एका भागात मी खलनायिकेला एकटी बसून जुना फोटो बघताना दाखवलं, दीड मिनिटाचा सीन. निरोप आला, "प्रेक्षक गोंधळतील, काढा." गोंधळतील! टोनी सोप्रानो पहिल्याच भागात घरच्या पोहण्याच्या तलावातली बदकं उडून गेली म्हणून चक्कर येऊन पडतो. तसं कोणी आमच्याकडे लिहिलं असतं तर बदकांना स्पॉन्सर कोण, असं विचारलं असतं.

निशिगंध, भुवयांचं तुम्ही बरोबर पकडलंत. मेकअपवाल्याला सांगावंसुद्धा लागत नाही. "निगेटिव्ह आहे" एवढं म्हटलं की तो पेन्सिल काढतो.


तिसरी_घंटा
शनिवार, रात्री १०.०२

पाट्या, जामिनाची साडी! :D आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, "मला वाटलंच होतं." कुठली मालिका ते तिने ओळखलंय असा तिचा दावा आहे. मी नाव इथे लिहीत नाही.

सिंधुदुर्गातलो, तुमच्या आयेने माझी निकालाची थिअरी मोडीत काढली, मान्य. मागे घेते.


वाई_फाई
रविवार, सकाळी ११.१८

मी सातारा जिल्ह्यातली. इथे अजून 'देवमाणूस'चा विषय कसा निघाला नाही, याचंच आश्चर्य वाटतंय.

मालिका २०२० साली आली, पण त्याआधी चार वर्षं आमच्या भागात ते प्रकरण उघडकीला आलं होतं. डॉक्टर म्हणवणारा माणूस, गायब झालेल्या बायका. पेपरात रोज नवीन नाव. आमच्या घरात तेव्हा कोणी मोठ्याने बोलत नसे त्यावर. माझ्या मावशीने त्या सुमारास दवाखाना बदलला, काही कारण नसताना.

मग चार वर्षांनी तेच रोज रात्री, मध्ये जाहिराती. किरण गायकवाड भारी नट आहे, 'लागिरं झालं जी'तला भैय्यासाहेब पण मला आवडायचा. त्याच्याबद्दल तक्रार नाही. सरू आजीच्या शिव्या ऐकून आमच्याकडेही हसायचे सगळे. मी पण हसलेय. पण एके दिवशी एस.टी.त दोन बायका बोलत होत्या, "काल कोणाला मारलं गं?" "अगं नाही मारलं, उद्या मारणार." आणि पुढच्या सीटवरच्या एक बाई उठून दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं काही होतं का त्या प्रकरणाशी, की नुसता त्यांचा थांबा आला होता, मला माहीत नाही. थांबा यायला अजून बराच वेळ होता.

पहिला भाग संपला, दुसरा आला, २०२५ मध्ये 'मधला अध्याय' म्हणून परत आला. पाट्या म्हणतात तसं, आकडे. अण्णा नाईक कोणाच्या तरी कल्पनेतून आला. हा नाही आला. मला लोगन रॉय चालतो, वॉल्टर चालतो. हा मी अर्ध्यावर सोडला.


जुनाट_रेडिओ
रविवार, सकाळी ११.५०

वाई_फाई, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. लखोबासुद्धा एका खऱ्या खटल्यावरूनच बेतला होता. त्या खऱ्या बायका पुढे आमच्यासारख्या मांडीवर थाप मारणाऱ्यांबद्दल काय म्हणाल्या असतील, हे साठ वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.


आजोळ_हरवलेली
रविवार, रात्री ११.४४

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या आजोळी एक अण्णा होते. म्हणजे त्यांना दुसरं काही म्हणत. थोरले मामा. गावात मान, घरात दहशत. जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तर ताट कुठपर्यंत जाईल सांगता येत नसे. मामीच्या उजव्या हाताचं एक बोट नीट मिटत नाही. का, ते कोणी विचारत नाही. मामा गेले २०१४ साली. गावाने शोकसभा घेतली.

२०१९ च्या मे महिन्यात मी आजोळी गेले होते. रात्री मामीने जेवणं आवरली, मागची कडी लावली, मिसरीची डबी घेतली आणि टीव्हीसमोर बसली. 'रात्रीस खेळ चाले'. मला वाटलं, आता ही उठून जाईल. मी रिमोट शोधायला लागले. तर मामी म्हणाली, "राहू दे गं." अण्णा कोणावर तरी ओरडत होता. मामी मिसरी लावत लावत बघत होती, आणि मध्येच हसली. तो हरला म्हणून नाही. त्याने काहीतरी तिरकस बोलून समोरच्याला गप्प केलं, त्याला हसली. भारी बोलतो मेला, असं म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, मामी, तुला मामा नाही आठवत हे बघून? ती म्हणाली, "आठवतात की. पण ह्याचं बटण माझ्याकडे आहे." आणि आवाज वाढवला.

मी तेव्हापासून विचार करतेय की ती हसली का. उत्तर नाही माझ्याकडे.


सिंधुदुर्गातलो
सोमवार, सकाळी ७.३०

मामीक माझो नमस्कार सांगा.


खडीसाखर
सोमवार, सकाळी ७.५२

माझाही. आणि लिहीत राहा.


नाक्यावरचा
सोमवार, सकाळी १०.०५

आजोळ_हरवलेली, माझ्या वडिलांनीही 'स्कॅम' बघितली होती, हे मी वर मुद्दाम लिहिलं नव्हतं. सगळे दहा भाग, दोन दिवसांत. मी रागावून दुसऱ्या खोलीत बसलो होतो. बाहेरून ते शीर्षकसंगीत ऐकू यायचं आणि मधूनमधून त्यांचा आवाज: "इथे विकायला पाहिजे होते... इथे..."


तिसरी_घंटा
दोन आठवड्यांनंतरचा शनिवार, रात्री ११.२६

दोन आठवडे इकडे फिरकले नाही, कारण घरात वेगळंच प्रकरण चालू होतं. आईने 'सक्सेशन' पहिल्यापासून लावलं. मला न सांगता. मी ऑफिसात, ही आणि फिजिओथेरपीवाली मुलगी मिळून दुपारी दोन-दोन, तीन-तीन भाग. ती मुलगी म्हणे पायाचा व्यायाम घेता घेता बघते. मी विचारलं, आता कोणासाठी बघतेस गं? तर म्हणाली, "टॉमसाठी."

टॉम म्हणजे तोच जावई, सॉसेजवाला. मी म्हटलं, अगं तो काय कमी आहे का? हाताखालच्या ग्रेगला कसा छळतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तर बायकोला दगा देऊन सासऱ्याला जाऊन मिळाला. आई म्हणाली, "मिळणारच. लग्नाच्या रात्री बायको काय सांगते त्याला? वर इतकी वर्षं त्या घरात काय काय सोसलं त्याने. याला सासुरवास म्हणतात. बाईने असा सूड घेतला असता तर तुम्ही पोस्टी लिहिल्या असत्या."

आज चौथ्या सीझनचा तिसरा भाग झाला. मुलं भावाच्या लग्नाला बोटीवर, बाप विमानात कोसळलेला, आणि मुलं एकेक करून फोनवर बापाशी बोलतायत. तो ऐकतोय की केव्हाच गेलाय, त्यांनाही माहीत नाही. तिकडे विमानात फोन सासऱ्याच्या कानाशी धरून उभा कोण? टॉम. आईने मला पॉज करायला लावलं. चष्मा पुसला. म्हणाली, "बघ. शेवटी कोण उपयोगाला आलं?"

मी काही बोलले नाही. शेवटच्या भागात टॉम काय करतो ते तुमच्यापैकी ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. अजून सात भाग आहेत. सोमवारी फिजिओवाली येणार आहे, तोपर्यंत पुढचं लावायचं नाही अशी मला ताकीद आहे. चहाबाज, इथे काही फोडलंस तर बघ. आई आता हा धागा माझ्या फोनवरून रोज वाचते.


चहाबाज
दोन आठवड्यांनंतरचा शनिवार, रात्री ११.२९

काकू, नमस्कार. टॉम फार गुणी मुलगा आहे.